गोपाळरावांची केबल

चार वेल्डर चहाला बसले, की पहिला कप संपायच्या आत कुणाला ना कुणाला गोष्टीत शॉक बसतोच! मी केडगावच्या वर्कशॉपात होतो, त्यामुळे माझ्याकडे तर असल्या गोष्टींचा ढीग आहे.

वेल्डिंगच्या मशीनला दोन केबली. एक हातातल्या होल्डरला, दुसरी कामाला, म्हणजे जो तुकडा सांधायचा त्याला. ही दुसरी कामालाच, जवळ, घासून लख्ख केलेल्या जागी घट्ट लावायची. संपलं शास्त्र! पण तेव्हा लढाई चालू असल्यामुळे केबल मिळेना, आणि आमचे फोरमन गोपाळराव टेंपररी. काटकसर दाखवून कायम व्हायची त्यांना भारी घाई.

*

मिरजगावचा तुकाराम आमचा वेल्डर. त्याच्या होल्डरची केबल मधेच सोलली गेली होती.

"चिंधी गुंडाळ!" गोपाळराव म्हणाले.

चिंधी पेटली. तुकाराम उड्या मारत बाहेर आला.

"साहेब, केबल वाचली, धोतर गेलं!"

*

खंडेनवमीला गोपाळरावांनी मशीनची पूजा केली. केबली जोडायच्या टर्मिनलवर तेल आणि शेंदूर, चांगला बोटभर! दसरा झाल्यावर ठिणगी पडेना. पुण्याहून मेकॅनिक आला, टर्मिनल पुसून नट आवळले आणि म्हणाला, "देव कोनाड्यात बसवा की हो!"

*

मग कामाची केबल पुरेना, म्हणून गोपाळरावांनी ती सरळ शेडच्या लोखंडी खांबाला लावली.

"साहेब, रॉड हितं टेकवतो अन् ठिणगी तिकडं पान्याच्या नळापाशी उडती. कुनी मरंल की!" तुकाराम म्हणाला.

"म्हणजे करंट पोचतोय ना?"



*

मालक गोपाळरावांना कायम करायचं का ते बघायला येणार होते, त्या दिवशीची गोष्ट. श्रीगोंद्याच्या उसाच्या चरकाचं दांडगं चाक चेनकप्पीला टांगून तुकाराम सांधत होता. गोपाळरावांनी कामाची केबल वरच्या लोखंडी तुळईला लावलेली. सगळा करंट साखळीतून गेला. कड्या लाल झाल्या आणि एकमेकींना चिकटल्या. चाक अधांतरी अडकलं, वरही जाईना, खालीही येईना.

तेवढ्यात मालक आले. "हे पडणार तर नाही?"

"छे छे! एकदम सेफ, मालक!"

मालकांनी खुर्ची मागवली आणि बरोब्बर चाकाखाली ठेवली.

"मग बसा इथं. कायमची ऑर्डर सही करून आणतो."

"साहेब, नगं! लई तापल्यात कड्या!" तुकाराम ओरडला.

गोपाळरावांनी वर बघितलं. मालकांकडे बघितलं. टोपी नीट केली.

आणि बसले!