मांड्यांची सुपारी

माझे सासरे, अप्पा, आचारी पुरवायचे. हुबळीत कुणाकडं लग्न, मुंज असं मोठं कार्य निघालं की यजमान आमच्या कट्ट्यावर येऊन बसायचा, विडा-सुपारी पुढं ठेवायचा, आणि अप्पांनी सुपारी उचलली की काम ठरलं. कागद-बिगद काही नाही. मग आचारी कोण जाणार, वाढपी कोण, पाणी कोण भरणार, ते सगळं अप्पा बघायचे. यजमान जे देईल त्यातला आपला वाटा काढून घेऊन बाकीचं आचाऱ्यांना वाटून द्यायचे.

मी निपाणीकडची. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला वाटायचं, हा कसला धंदा? माणूस दिवसभर कट्ट्यावर पान चघळत बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याला ‘बर्री, कूड्री’, या, बसा म्हणून हाक मारून बसवतो, आणि बायकांनी विचारावं ते विचारत राहतो. तुझ्या आजीला आता दिसतं का? बायकोला कितवा महिना? चुलत्याचा खोकला कसा आहे? आचारी आला की आधी हे, मग कामाचं. मी आतून ऐकायची आणि मनात म्हणायची, अप्पांना गावाच्या चौकशा करायची भारी हौस.

ह्या आचाऱ्यांत चार भाऊ होते, दोन सख्खे आणि दोन चुलत, आणि त्यांतल्या मोठ्याला सगळे थोरला म्हणायचे. अळणावरजवळच्या खेड्यातला. त्याचा बाप, धाकटा भाऊ पाळण्यात असतानाच गेलेला. मिसरूड फुटायच्या आधी तो अप्पांकडं आला आणि अप्पांनीच त्याला चुलीपुढं उभं केलं. मांडे अप्पांसारखे करणारा हुबळीत तो एकटाच. लाटणं नाही, काही नाही. गोळा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरत न्यायचा, इतका पातळ की पलीकडचं दिसावं, आणि अलगद उलट्या खापरावर टाकायचा. मिशी मात्र अशी झोकात ठेवलेली की मी म्हणायची, ही मिशी एक दिवस जाणार चुलीत. तो म्हणायचा, “वैनी, मिशीचं सोडा, तुमच्या पोळ्या आज कुंभारानं भाजल्या का?” मला दीर नव्हता. ती हौस ह्यानंच भागवली.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा एक उन्हाळा होता. दुर्गदबैलाच्या बाजारातल्या एका मोठ्या कापडवाल्याच्या मुलीचं लग्न ठरलं. मूळचे मिरजेकडचे लोक, पैसाअडका भरपूर, आणि व्याह्यांना मांडेच खाऊ घालायचे म्हणून हट्ट. आम्ही रोज वाट बघतोय, आज सुपारी येईल, उद्या येईल. सुपारी काही येईना. मग एक दिवस आमच्या ह्यांनी बाजारातून बातमी आणली. शेटजींनी थोरल्याला परस्पर दुकानात बोलावून घेतलं होतं. मधे अप्पा कशाला, म्हणाले, तुम्ही राबायचं आणि त्यांनी कट्ट्यावर बसून वाटा घ्यायचा? आणि थोरल्यानं आपल्या हातानं सुपारी उचलली होती. सोबत कोण? तर सख्खा भाऊ आणि दोन चुलतभाऊ.

माझं डोकंच फिरलं. ह्यांचा पगार म्हणजे नावाला. आमचं घर चालायचं ते अप्पांच्या उन्हाळ्यातल्या लग्नांवर. आज थोरला गेला, उद्या बाकीचे जातील, आणि कट्ट्यावर फक्त पानाच्या पिंका उरतील. मी म्हटलं, “अप्पा, ह्याला हातानं वाढवलंत आणि ह्यानं पोटावर पाय दिला. जाऊन चार शब्द सुनवा तरी.” अप्पांनी पानाचं तबक पुढं ओढलं, विडा केला आणि तसाच ठेवून दिला. संध्याकाळी ते मागच्या दारी गेले आणि थोरला चहा प्यायला जिथं बसायचा ती पायरी नुसतीच बघून आत आले. मला तेव्हा कळलं की ह्या माणसाला वाट्याचं दुःख नाहीये. मला त्यानं आणखीच राग आला.

थोरला आमच्या गल्लीतून जायचा बंद झाला. मी त्याला बोलायचं सगळं तोंडपाठ करून ठेवलं होतं. भेटू दे एकदा, म्हटलं, मिशी उतरवते की नाही बघ.

लग्न परवावर आलं. भर दुपारी दारात कुणीतरी खाकरलं. बघते तर हाच. कट्टा चढला नव्हता, खाली रस्त्यात उन्हात उभा. मी पदर खोचून बाहेर आले.

“का हो? आता कट्टा चढायला लाज वाटते वाटतं?”

“शिवू नका वैनी,” तो म्हणाला. “सुतक आहे.”

माझं सगळं पाठ केलेलं जागच्या जागी विरलं. अप्पा आतून आले, त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, “चुलते?”

“सकाळच्या गाडीनं माणूस आला.”

“खोकलाच?”

“हं.”

अप्पा खाली बसले. “जेवलास का?” म्हणाले. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी मुकाट्यानं आत जाऊन पत्रावळीवर भात-आमटी घेतली, लांबून त्याच्यापुढं ठेवली. तो जेवला नाही. पत्रावळीकडं बघत सांगत राहिला. आता चौघंही सुतकात. दहा दिवस चुलीला हात लावायचा नाही. शेटजींकडं मांडव पडलेला, व्याही उद्या येणार. भाऊ म्हणतोय, हुबळीत कुणाला कळतंय, गुपचूप लग्न उरकू आणि मग गावी जाऊ.

“मग?” अप्पांनी विचारलं.

“मला नाही जमायचं, अप्पा. पोरीचा संसार सुरू होणार आणि त्यात हे असले हात घालू? पण सुपारी मी उचललीय. एन माडली?”

काय करू, म्हणून तो अप्पांनाच विचारायला आला होता. एवढं सगळं करून.

अप्पा म्हणाले, “इतक्या वर्षांत तुम्हा चौघांना मी कधी एका मांडवात धाडलं होतं का?”

त्यानं पत्रावळ बाजूला सारली. मग हळूच म्हणाला, “आम्हाला वाटायचं, आम्ही एक होऊ नये म्हणून तुम्ही आम्हाला पांगवता.”

“अरे खुळ्या,” अप्पा म्हणाले, “एका घरचे चौघं नेले आणि त्या घरात कुणी गेलं, तर यजमानाची चूल पेटवायची कुणी? म्हणून एक ह्या घराण्यातला, एक त्या घराण्यातला. म्हणून तर कुणाचा म्हातारा कसा आहे ते विचारत बसतो.”

मी दाराला टेकून ऐकत होते. इतकी वर्षं मी ज्याला चांभारचौकशा म्हणत होते तोच अप्पांचा धंदा होता. मला हसू आलं आणि रडूही आलं.

त्या दुपारी अप्पांनी टांगा केला आणि गावभर हिंडून दिवेलागणीपर्यंत तीन घराण्यांतले आचारी गोळा केले. पण मांडे कोण करणार? अप्पांनी कित्येक वर्षांत खापरापुढं बसणं सोडलेलं. हात कापायचे, चहाची बशीसुद्धा खणखणायची. मी म्हटलं, “नका जाऊ. फजिती झाली तर उरलंसुरलं नावही जाईल.” त्यांनी धुतलेला पंचा खांद्यावर टाकला आणि मला म्हणाले, “चल, पिठी साखर चाळायला कुणीतरी पाहिजे.”

लग्नाच्या दिवशी शेटजींच्या परसात खापर तापलं. अप्पांचा पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा खापरावर पडता पडता गोळा झाला. शेटजी खांबाला धरून उभे, चेहरा पांढराफटक. तिसऱ्या गोळ्याला अप्पांनी डोळे मिटले. हात कापतच होते, पण त्या कापण्यालाच जणू लय सापडली, आणि मांडा पसरत पसरत कोपराच्या पार गेला. मग ते थांबलेच नाहीत. व्याही पोटभर जेवले आणि वर आणखी मांडे मागून घेतले.

पंगती उठल्यावर शेटजी धोतरजोडी आणि विडा-सुपारी घेऊन स्वतः परसात आले. “अप्पा, चूक झाली. ह्यापुढं आमची सुपारी तुमच्याच हातात.”

अप्पांनी भाजलेले हात पंच्यात धरले होते. ते म्हणाले, “ह्या लग्नाची सुपारी त्यानं उचललीय. मी त्याच्या बदली आलोय. काय द्यायचं ते त्याला द्या. मला माझी मजुरी तो देईल.”

घरी येईपर्यंत मी टांग्यात त्यांच्याशी बोलले नाही. हातांना तूप लावलं, तेही रागारागानंच.

सुतक फिटल्यावर थोरला आला आणि शेटजींकडून मिळालेलं सगळं अप्पांपुढं ठेवलं. अप्पांनी त्यातली एका आचाऱ्याची मजुरी तेवढी उचलली. “पुढच्या सुपाऱ्या तूच घेत जा,” म्हणाले, “फक्त घरं मिसळून ने.” आता मात्र मला राहवेना. मी म्हटलं, “धंद्याची किल्लीच देऊन टाकलीत. आता आपल्या कट्ट्यावर कोण येणार?”

“मी येणार, वैनी,” तो म्हणाला. आणि आला. यजमान त्याच्या दारी आला तरी तो त्याला घेऊन आमच्या कट्ट्यावर यायचा, सुपारी अप्पांनाच उचलायला लावायचा, आणि मग मागच्या पायरीवर बसून माझ्या पोळ्यांना नावं ठेवायचा.

काही वर्षांनी अप्पा गेले. ऐन वैशाख, थोरल्याकडं एका मोठ्या लग्नाची सुपारी होती. त्यानं तिकडं दुसऱ्या घराण्यांतले आचारी धाडले आणि स्वतः आमच्याकडं येऊन बसला. भटजी म्हणाले, “तुला सुतक लागत नाही. गोत्र वेगळं, नातं नाही, घरी जा.” तो म्हणाला, “लागतं.” दहा दिवस तो चुलीला शिवला नाही. शेजारून आमच्यासाठी जे यायचं तेच आमच्यात बसून जेवला. आमच्याकडं मिशी फक्त बाप गेल्यावर उतरवतात. चुलत्याच्या वेळी त्यानं ती ठेवली होती. दहाव्या दिवशी न्हावी आला, आमचे हे पाटावर बसले, आणि दुसरा पाट ओढून तो ह्यांच्या शेजारी बसला. न्हाव्यानं ह्यांची मिशी उतरवली आणि मग त्याची.