शालिकरावांच्या संगणकावरचे वाचनालय

रविवार, ७ डिसेंबर, सकाळचे दहा. शालिकरावांच्या खुर्चीवर मी प्रथमच बसलो. त्यांना जाऊन महिना होत आला होता. बातमी आली तेव्हा वाटले होते, आता वाचनालयही गेले... वहिनींनी चहा ठेवला आणि त्या दाराशी थांबल्या. "भाऊजी, सुरू होईन ना?" मी म्हणालो, "पाहू."

वस्तीच्या वाचनालयाची खोली गेल्या वर्षी सोडावी लागली. पुस्तके रद्दीत जाण्यापेक्षा सभासदांच्या घरी ठेवावीत, असे ठरले. परंतु कोणते पुस्तक कोणाच्या घरी आहे हे कळले नाही, तर ते वाचनालय कसले? टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या शालिकरावांनी हे काम अंगावर घेतले. सीताबर्डीच्या बाजारातून जुना संगणक आणला आणि वेब ॲप्लिकेशन बांधायला ते स्वतःच शिकले. मी पाटबंधारे खात्यातला. माझ्याकडे तपासणी आली. चुका काढण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असे ते चारचौघांत सांगत.

पहिले पान उभे राहिले त्या दिवशी त्यांनी त्याचा पत्ता सगळ्या सभासदांना मोबाइलवर पाठवला. 'सुंदर', 'अभिनंदन' अशी उत्तरे धडाधड आली. मी फोन केला.

"शालिकराव, उघडत नाही."

"काहून? माह्या इथं त मस्त उघडून राहिलं!"

उघडणारच. तो पत्ता ज्या यंत्रावर काम चालू असते, त्या यंत्रापुरताच असतो; बाहेर त्याला अर्थ नाही. हे उमगल्यावर ते पोट धरून हसले. "म्हंजे न पायताच सुंदर म्हणून राहिले गा हे लोक! आता घरीच बलावतो एकेकाले."

तेव्हापासून दर रविवारी लोक वेबसाइट पाहायला त्यांच्या घरी येऊ लागले. येताना पुस्तक आणत, ते दुसऱ्याच्या नावावर चढवून घेत, तर्रीपोहे खाऊन जात. आता हे इंटरनेटवर टाका, असे मी सुचवले. "टाकू ना... पण मंग घरी येईन कोण?" समाधानी माणूस होता.

सुरू करण्याचा क्रम त्यांनी माझ्याकडून घोकून घेतला होता. आधी डेटाबेस, मग सर्व्हर, शेवटी ब्राउझर. "आंधी चूल, मंग तवा, मंग पोळी. उलटं केलं त हात पोळन." त्या सकाळी मी घाईत सर्व्हरच आधी सुरू केला. पडद्यावर लाल ओळी आल्या. वहिनी आत आल्या. "चूल पेटवली का, भाऊजी?"

पेटवली नव्हती. पुन्हा क्रमाने केले. पान उघडले.

पहिलेच नाव माझे. चाचणीसाठी एक खोटा सभासद हवा होता. शालिकरावांनी त्याला माझे नाव दिले आणि त्यांच्याच कपाटातले, मी कधीही न नेलेले, विहिरींच्या बांधकामावरचे एक पुस्तक माझ्याकडे आहे, असे मांडले. समोर 'मुदत उलटली'. "तुमच्यासारखा कडक माणूस चुकार दिसला, त बाकीचे आपले पुस्तकं घेऊन पळत येतीन," हे त्यांचे समर्थन. ती नोंद काढा, असे मी दर रविवारी सांगत असे. ते दर रविवारी विसरत.

दुपारपर्यंत लोक येत राहिले. पुस्तके या घरून त्या घरी गेली. सारे परतल्यावर ती नोंद पुसायला मी बसलो. बटण समोरच होते...

पुसली नाही. ब्राउझर, सर्व्हर, डेटाबेस, अशा उलट क्रमाने सगळे बंद केले. मग त्यांच्या कपाटातून विहिरींचे पुस्तक काढले आणि पिशवीत घातले.