बाबांच्या चार्जिंगच्या सुट्ट्या

आमच्या घरात सकाळी दहाला वडील चार्जिंगला बसत. यात चेष्टा नाही. कंपवाताने त्यांचा उजवा हात इतका थरथरायचा, की चहा कपात कमी आणि बशीत जास्त. मग डॉक्टरांनी त्यांच्या छातीत वरच्या बाजूला, कातडीखाली, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं आणि तिथून बारीक तारा मेंदूपर्यंत नेल्या. यंत्र चालू असलं की हात शांत. बॅटरी मात्र बाहेरून भरायची. छातीवर एक गोल चकती ठेवली की वीज कातडीतून आत जाते, मध्ये वायर नाही की काही नाही. भरलेली बॅटरी पाचेक दिवस टिकते, तरी रोज अर्धा तास भरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आता डॉक्टरांना काय माहीत, त्यांनी हे कोणाला सांगितलं ते! बाबांची सगळी हयात केंद्र सरकारच्या नोकरीत गेली. दिल्लीत सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही आजारीसुद्धा नियमात बसेल तेवढेच पडायचो. निवृत्त होऊन गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये आले, तरी दर वर्षी सरकारी सुट्ट्यांची यादी कुठून तरी मिळवून फ्रिजवर लावायचेच. मी ऑफिसमधून आल्या आल्या विचारायची, "चार्जिंग झालं का?" ते म्हणायचे, "नियमाप्रमाणे." कुठला नियम, हे विचारायची अक्कल मला ऑपरेशननंतरच्या चार महिन्यांत आली नाही.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी आम्ही दोघं बँकेत गेलो. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं असतं. माणूस समोर येऊन उभा राहिला, बोलला, खोकला, तरी तो पुरावा होत नाही. मशीनवर अंगठा लागतो. गेल्या वर्षी याच काउंटरवर दोन जणांनी बाबांचं मनगट दाबून धरून तो उमटवून घेतला होता. घरी येऊन बाबा ऑपरेशनला तयार झाले. या वर्षी त्यांना स्वतःच्या हाताने अंगठा द्यायचा होता. त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

नंबर आला. बाबांनी हात पुढे केला आणि तो थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग थेट कोपरापर्यंत. मशीनने तीनदा नकार दिला.

"नहीं ले रहा," काउंटरवरचा मुलगा बाबांना सोडून माझ्याकडे बघत म्हणाला. "मॅडम, अंकल को क्यों परेशान किया? हम घर पे किसी को भेज देते।"

"मैं यहीं खड़ा हूँ," बाबा म्हणाले. "मुझसे बात कीजिए।"

मी त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या यंत्राचा छोटा रिमोट काढून बघितला. बॅटरी संपलेली. "बाबा, शेवटचं चार्जिंग कधी केलंत?"

"शुक्रवारी."

"आज गुरुवार आहे!"

"शनिवार-रविवार सुट्टी," ते शांतपणे म्हणाले. "सोमवारी दिवाळी. पाडवा आणि भाऊबीज ऐच्छिक सुट्ट्या, वर्षाला दोन मिळतात. मी या वर्षी एकही घेतली नव्हती."

मी कपाळावर हात मारला. निवृत्त माणूस यंत्राकडून ऐच्छिक सुट्ट्या वसूल करत होता! चार महिने शनिवार-रविवार बिनबोभाट खपले, म्हणून दिवाळीला साहेबांची हिंमत वाढली.

चार्जर पर्समध्ये होता, पण सुट्टीत तोही उपाशी. बँकेतल्या एकुलत्या एक मोकळ्या प्लगवर मॅनेजरची किटली होती. ती मी विचारल्याशिवाय काढली. बाबांच्या शर्टाची दोन बटणं सोडून चकती छातीवर ठेवली आणि भर रांगेसमोर वडील चार्जिंगला लावले. रांगेला तेवढंच हवं होतं. एका काकूंनी वायफायने होतं का म्हणून विचारलं. एका गृहस्थांनी आपला फोन पुढे करून "साथ में ये भी लगा दीजिए" म्हटलं आणि स्वतःच हसले. बाबा भिंतीकडे बघत बसले होते. इस्त्रीच्या शर्टाची वाट लागली होती.

तासाभराने यंत्र चालू केलं. हात हळूहळू निवला. बाबा उठले, बटणं स्वतः लावली, काउंटरवर गेले आणि अंगठा ठेवला. पहिल्या झटक्यात लागला.

"हो गया अंकल। एक साल की छुट्टी," मुलगा म्हणाला.

ऑटोत बसल्याबरोबर माझा पट्टा सुरू झाला. उद्यापासून सुट्ट्या बंद, यादी फ्रिजवरून खाली, अलार्म मी लावणार, शेजारच्या वहिनी येऊन बघून जाणार. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"नुसत्या नियमासाठी सुट्ट्या घेत नव्हतो गं," ते म्हणाले. "रोज ती चकती लावली की मी आजारी आहे हे आठवतं. आठवड्यातून दोन दिवस आजारी नसावं, एवढंच. आणि तू घरात पाऊल टाकलंस की बॅटरीचं विचारतेस. त्याचं उत्तर मिळालं की आत निघून जातेस."

मला राग आला. कारण ते खरं होतं. दुसरं काही तरी विचारावं म्हणून मी घर येईपर्यंत डोकं खाजवत होते, आणि स्वतःच्या वडलांना विचारण्यासारखं मला काही सुचलं नाही.