अठ्ठ्याण्णव आणि नव्वद टक्के

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. पहिलवानताई रक्त गरगर फिरवून वेगळं करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडतात, बारा ट्यूब बाहेर काढतात आणि एकेक उजेडाकडे धरून बघतात. वर पिवळसर द्रव, खाली गोठलेलं रक्त. ट्यूबवरचं लेबल आणि यादीतलं नाव जुळलं, की मगच ती मशीनमध्ये जाते. रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या या प्रयोगशाळेत त्यांची तेवीस वर्षं अशीच गेली.

वजन सत्तेचाळीस किलो, तरी टोपणनाव पहिलवान. कारण त्यांचं एचडीएल, म्हणजे लोक ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते, अठ्ठ्याण्णव. बाईचं पन्नासच्या वर असलं तरी डॉक्टर खूश असतात. दर वाढदिवसाला ताई स्वतःचं रक्त तपासायच्या आणि रिपोर्ट खोलीभर फिरवायच्या. त्याच कागदावर वाईट कोलेस्टेरॉल, जे शंभरच्या आत हवं, एकशे ऐंशीच्या आसपास असायचं. त्या ओळीवर त्यांची नजर कधी थांबली नाही.

धाकट्या भावाचंही तसंच. तो शिंपी. चांगलं एक्याण्णव, वाईट एकशे पंच्याण्णव. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला गोळी लिहून दिली, तेव्हा तो औषधाच्या दुकानाऐवजी आधी ताईंकडे आला. "चांगलं इतकं आहे की वाईटाला पुरून उरेल," ताई म्हणाल्या. गोळी सुरूच झाली नाही. घरात डॉक्टरांपेक्षा ताईंचा शब्द चालायचा. मशीन त्यांच्या हाताखाली होतं ना.

पंधरा दिवसांपूर्वी जिना चढताना ताईंचा जबडा दुखू लागला. दाढ असेल म्हणून त्या दंतवैद्याकडे गेल्या. दाढ ठणठणीत निघाली. बसल्यावर दुखणं थांबतं का, असं त्याने विचारलं. थांबत होतं. त्याने त्यांना तडक हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं. अँजिओग्राफीत एक मोठी धमनी नव्वद टक्के बंद दिसली.

ताई रडल्या नाहीत. पडद्यावरचं चित्र दुसऱ्या कुणाचं तरी आहे, याची त्यांना खात्रीच होती. टेबलावर पडल्या पडल्या त्यांनी नाव आणि नोंदणी क्रमांक मोठ्याने वाचायला लावला. जुळला. मग प्रयोगशाळेत निरोप धाडून सकाळी घेतलेल्या आपल्या रक्ताची ट्यूब मशीनला आणखी दोनदा लावायला सांगितली. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. आकडा बरोबर होता आणि धमनीही बंद होती. दोन्ही एकाच बाईचं कसं, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना.

डॉक्टरांनी समजावलं. एचडीएल कमी असलं की धोका जास्त, हे खरं; पण म्हणून ते जितकं वाढेल तितकं हृदय सुरक्षित, असं नाही.

"एचडीएल म्हणजे रक्तातल्या चरबीचा कचरा नेणाऱ्या गाड्या. तुमचं मशीन त्या गाड्या मोजतं," ते म्हणाले. "गाड्या कचरा उचलतात का, ते मोजत नाही. आणि वाईट कोलेस्टेरॉल त्यातून वजा होत नाही."

ताईंना भावाची सुरू न झालेली गोळी आठवली. धमनी उघडी ठेवणारा स्टेंट बसवून बाहेर आणल्यावर त्यांनी नवऱ्याला काही न सांगता त्याच्याकडून फोन घेतला आणि भावाला लावला.

तो हसायला लागला. "ताई, औषध चढलंय तुला. पुरून उरेल म्हणाली होतीस ना?"

"चुकले मी. आजच त्या गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जा. आणि चालताना तुला काय होतं, ते मला खरं सांग."

पलीकडे शिलाई मशीनचा आवाज थांबला. महिनाभर छातीवर ओझं ठेवल्यासारखं होतंय, तो म्हणाला. तुला सांगितलं असतं तर तू मलाच वेड्यात काढलं असतंस.

"आत्ता निघ," ताई म्हणाल्या.

भावाची गोळी आता सुरू झाली आहे. परवाची स्ट्रेस टेस्ट, पट्ट्यावर चालवून घेतात ती, छातीवरचं ओझं पुन्हा आल्यामुळे डॉक्टरांनी अर्ध्यावर थांबवली. उद्या सकाळी साडेनऊला भावाची अँजिओग्राफी आहे. आठ वाजता वॉर्डात उपाशीपोटी हजर व्हायचं आहे, आणि ताईंनी दिवसभराची रजा टाकली आहे.