खंडेनवमीच्या आदल्या दिवशी

बटण दाबलं आणि फट्ट आवाज झाला. ना दिवा लागला, ना पंखा फिरला, नुसता जळका वास खोलीभर पसरला. मी दचकून खुर्चीसकट मागं सरकले. पुन्हा बटण दाबायची हिंमत होईना आणि न दाबता राहवेना. शेवटी दाबलं. कॉम्प्युटर ढिम्म.

त्या डब्यात माझा पीएचडीचा प्रबंध होता. आठवडी बाजारांवरचा. गंगापूर म्हणू नका, करमाड म्हणू नका, शेअर जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन कुठं कुठं फिरलेय मी त्यापायी! कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की बसा घरी. प्रबंध जमा झाला तरच कायमच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता, आणि जमा करायची मुदत दसरा झाला की लगेच संपत होती. पहिली दोन प्रकरणं मार्गदर्शक बाईंना मेल केलेली. बाकी सगळं या एका डब्यात. "पेनड्राइव्हवर काढून ठेव" म्हणून नवरा कानीकपाळी ओरडत होता आणि मी "बघू, बघू" करत होते. घ्या आता!

नवरा चिकलठाण्याला कारखान्यात, कामावर. फोन केला तर म्हणाला, "प्लग नीट बसलाय का बघ." मी काय कुक्कुलं बाळ आहे का? तरी बघितलं. सगळ्या वायरी जिथल्या तिथं, घट्ट. डबाही चकचकीत पुसलेला. मला वाटलं, नवरात्राची साफसफाई म्हणून नवऱ्याला कधी नव्हे ती बुद्धी झाली असेल.

गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथले चाचा माझा रडका आवाज ऐकूनच लगबगीनं आले. त्यांनी डबा आडवा केला, बाजूचा पत्रा काढला आणि ते तसेच उकिडवे बसून राहिले. मी वाकून बघितलं तर आत पाणी! थेंब-दोन थेंब नव्हे, कोपऱ्याकोपऱ्यांत चांगलं साचलेलं. मी आधी छताकडं बघितलं, मग खिडकीकडं. पाऊस नाही, गळती नाही, मग हे पाणी आलं कुठून?

"मॅडम," चाचा म्हणाले, "इसकू नहलाया किसने?"

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "म्या धुतलाय."

दारात सासरे उभे. आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. मामा गंगापूरकडचे शेतकरी, सासूबाई गेल्यापासून आमच्याजवळ राहतात. पाण्याच्या बाबतीत महाकंजूष माणूस. आमच्या शहरात नळाला पाणी यायचं म्हणजे आठवडा-आठवडा वाट बघायची, त्यामुळं मी तांदूळ दुसऱ्यांदा धुवायला घेतले तरी "बास की गं" म्हणून ओरडतात. त्या मामांनी, मी सकाळी कॉलेजात असताना, नळ आल्या आल्या अंगणात पाइप लावून माझा कॉम्प्युटर धुतला होता. मागच्या जाळीला पाइपचं तोंड लावून, आत-बाहेर! मग पालथा घालून निथळवला, उन्हात ठेवला, पुसला, आणि काढलेल्या वायरी ध्यानात ठेवून परत जागच्या जागी लावल्या. विहिरीवरच्या मोटारी उघडून बसवणारा हात तो, वायरी चुकतोय कशाला!

"लई धूळ निघाली आतून," मामा समाधानानं म्हणाले.

चाचांनी कपाळाला हात लावला. मोठ्या मुश्किलीनं मी विचारलं, "मामा, अहो पण धुतला कशाला?"

"उद्या खंडेनवमी न्हवं का?"

खंडेनवमीला आमच्याकडं कोयता, कुदळ, विळी, गाडी, झाडून सगळी हत्यारं-अवजारं धुऊन पूजेला मांडतात. मामा सांगत होते, "कोयता धुतला, इळी धुतली, तुझी स्कूटी धुतली. म्हणलं, ज्याच्यावर आपली पोरगी डाक्टर व्हायली, तेवढंच एक पारोसं ठिवायचं व्हय?"

ते काय म्हणाले हे त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलंच नाही. "तो काय बैल आहे का मामा, धुवायला?" मी किंचाळलेच. "माझं सगळं आयुष्य होतं हो त्यात! यापुढं माझ्या घरातल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही तुम्ही!"

चाचा खाली मान घालून स्क्रू काढत राहिले. त्यांनी आतली हार्ड डिस्क, म्हणजे जिच्यात सगळं साठवलेलं असतं ती चपटी डबी, सोडवली आणि कोरड्या फडक्यात गुंडाळली. "पावर सप्लाय पहले उड गया, ये अच्छा हुआ, डिस्क तक करंट नहीं गया," ते म्हणाले. "डिस्क के अंदर पानी नहीं गया होगा तो तुम्हारा नसीब. सुखाते, कल देखते."

जेवताना मामा गप्प होते. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. एक शब्द जरी बोलले असते तरी मी ताट आपटलं असतं.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसले. चाचांनी ती डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली. पडदा काळा. आणि एकाएकी माझे फोल्डर एकाखाली एक दिसायला लागले! प्रबंध उघडला. सगळी प्रकरणं, सगळे तक्ते, शेवटच्या पानापर्यंत. मी अशी ओरडले की रस्त्यावरचा माणूस थांबून बघायला लागला. तिथल्या तिथं दोन पेनड्राइव्ह घेतले, त्यावर सगळं उतरवलं आणि डिस्क हातात घेऊन पळतच घरी आले.

अंगणात मामांची पूजा चालली होती. पाटावर कोयता, कुदळ, विळी, सगळ्यांना झेंडूची फुलं वाहिलेली. "मामा, सगळं वाचलं!" मी फाटकातूनच ओरडले. "एक अक्षर गेलं नाही!"

मामांनी डोळे मिटले. "देव पावला," एवढंच म्हणाले.

मी डिस्क पाटावर विळीशेजारी ठेवली. "घ्या, हिलाही लावा कुंकू." माझ्या लेखी भांडण तिथंच मिटलं होतं.

मामांनी बोटावर कुंकू घेतलं, हात पुढं केला आणि डिस्कपासून वीतभर अंतरावर थांबवला. मग मागं घेतला. धोतराला पुसला, एकदा पालथा, एकदा सुलटा.

"नगं. तूच लाव," ते म्हणाले. "माझा हात वला हाय."

हात ठणठणीत कोरडा होता. मी बघत होते ना समोर!

"मामा, लावा की हो."

त्यांनी मान हलवली. दोन पावलं मागं सरकले आणि त्या डबीला लांबूनच हात जोडले.