सात जणांना सात पत्रं

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याचंच पत्र टाइप करत होते. सातांपैकी चौथं. मजकूर तोच, फक्त वरचं नाव बदलायचं... आणि खरं सांगते, मी वैतागलेले होते.

मामा माजिवड्याला जनावरांचा डॉक्टर. नव्या बिल्डिंगांमधले लोक हौसेनं कुत्रं पाळायचे आणि चावलं की खाडीपलीकडे सोडून यायचे. मामाचा जीव तुटायचा. जगभरच्या जाणकारांनी इंटरनेटवर एकत्र बसून यावर उपाय ठरवावा, आपण तो मराठीत छापून घरोघरी वाटावा, असं त्यानं मनावर घेतलं. ईमेल फक्त माझ्या डोंबिवलीच्या घरी. असे सात जाणकार त्याला सापडले होते; दर रविवारी तो त्यांच्यासाठी वहीत पत्र लिहून आणायचा. त्याचा कुत्रा काळू टेबलाखाली पसरायचा, मोडेम किरकिरायला लागला की मामा त्याला बिस्कीट द्यायचा.

"मामा, एकच पत्र सगळ्यांना जातं रे. सातही नावं वर टाकते."

"काही रीत आहे की नाही? लग्नाची पत्रिकासुद्धा आपण घरोघरी जाऊन देतो. मोठी माणसं आहेत ती. प्रत्येकाला वेगळं पत्र!"

झालं. सातही जण मामाला आपुलकीनं लिहायचे, एकमेकांना कुणीच नाही. इंग्लंडच्या बाई म्हणायच्या, कुत्र्याला एकटं राहायची सवय लावा. हॉलंडचे गृहस्थ म्हणायचे, आधी भरपूर फिरवा. याचं त्याला कळवता कळवता दोन वर्षं गेली, पत्रक काही होईना. "ही माणसं आपसात बोलत का नाहीत गं?" मामा विचारायचा. बोलतील कशी, कपाळ! एकमेकांचा पत्ता कुणाकडे होता? मी चिडायचे आणि पुन्हा सात पत्रं टाइप करायचे. एकदा तरी गुपचूप सगळी नावं टाकायला हवी होती. त्याबद्दल आता माझाच मला राग येतो.

तो गेल्याचं कळवताना मात्र सात पत्रांचं बळ नव्हतं. एकच लिहिलं, सातही नावं वर. चार दिवसांत सगळे आपसात बोलायला लागले. भांडले, एकमेकांचं खोडलं, पत्रकाचा मसुदाही आला. मामाला हवं होतं ते सगळं... तो नसताना.

काळू आता माझ्याकडेच असतो. परवा मोडेम लावला तसा तो उठला आणि दाराकडे तोंड करून बसला. मी बिस्कीट पुढे केलं, त्यानं हुंगलंसुद्धा नाही. याचं काय करू, म्हणून सातही जणांना विचारलं. पहिल्यांदाच सगळ्यांचं उत्तर एक आलं. वाट पाहू दे त्याला.