जावयासमोर कसं सांगू

सगळे विचारून राह्यले, सासूबाई कशा आहेत. म्हणून इथंच लिहितो.

सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. बेल्याहून आदिलाबादच्या दवाखान्यात आणल्यापासून मी त्यांच्या खाटेजवळून हललो नाही. डॉक्टर रोज विचारायचे, "आजी, गॅस पास झाला का?" तो झाल्याशिवाय तोंडानं पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं. सासूबाई पदर पुढं ओढून नाही म्हणायच्या. ओठ पार सुकले होते.

आज मी औषधं आणायला खाली गेलो. परत आलो तर बायको त्यांना चमच्यानं पाणी पाजत होती.

मला बाहेर नेऊन म्हणाली, "गॅस परवाच झाला होता. जावयासमोर कसं सांगू, म्हणे. आज तुमी खाली गेले तवा डॉक्टरले सांगितलं."

मला राग आला नाही, रडूही आलं नाही. तिथंच बाकावर बसलो. जावई असावा तर असा, म्हणून राह्यले होते वॉर्डातले लोक.

तेवढ्यात आतून सासूबाईंचा बारीक आवाज आला, "जावयाले च्या पाजला का वं?"

मी अजून बाहेरच्या बाकावरच आहे. आत जाऊ का नको, तुमीच सांगा.